ह्यूएंडन: डिझरायलीचं घर, मेरी ॲनचा बगीचा

आई पुण्याहून आली होती. राजवाडे बघून कंटाळली, म्हणून एका रविवारी तिला एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश पंतप्रधान बेंजामिन डिझरायली याच्या घरी, ह्यूएंडन मॅनॉरला घेऊन गेले. इतिहासाची शिक्षिका ती. नाव ऐकताच म्हणाली, "म्हणजे राणीला कैसर-ए-हिंद करणारा?" तोच. व्हिक्टोरिया राणीला तो किताब देणारा १८७६चा कायदा त्याचाच.

लंडनच्या मेरिलबोन स्थानकाहून हाय विकमची गाडी घ्या. जलद गाडी असेल तर अर्ध्यापाऊण तासात पोचता. तिथून घर सुमारे तीन किलोमीटर. बस खाली मुख्य रस्त्यावर सोडते, पुढची चढण पायीच. आम्ही एक थांबा पुढे उतरलो आणि ओल्या गवतातून उलटे चालत आलो. आईच्या चपलांचं काय झालं ते सांगत नाही, बूटच घाला. घर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. उघडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, तेव्हा निघण्याआधी बघून घ्या.

घर लाल विटांचं. डिझरायलीने ते १८४८मध्ये घेतलं, तेही बेंटिंक घराण्याकडून कर्ज काढून. ग्रामीण इंग्लंडच्या जमीनदारांचा पक्ष चालवायचा तर स्वतःची जमीन हवीच ना! आजोबा इटलीतून आलेले ज्यू. वडील आयझॅक लेखक. सिनगॉगशी, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाशी, भांडण झाल्यावर त्यांनी १८१७ साली मुलांचा बाप्तिस्मा करून टाकला. ते भांडण झालं नसतं तर बेंजामिन १८३७ साली संसदेत बसूच शकला नसता, कारण धर्म न बदललेल्या ज्यूंना ती दारं १८५८मध्ये उघडली.

पण मी रमले ती त्याच्या बायकोत. मेरी ॲन त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी, त्याच्याच सहकारी खासदाराची विधवा. १८३९मध्ये लग्न झालं तेव्हा हा गळ्यापर्यंत कर्जात. पैशासाठी लग्न केलं हे तिलाही ठाऊक होतं. पण आता पुन्हा करायचं झालं तर प्रेमाने करेल, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. त्याचे केस तीच कापायची आणि कापलेले जपून ठेवायची. एकदा संसदेकडे जाताना बग्गीच्या दारात तिचं बोट चेंगरलं, पण त्याचं भाषण बिघडू नये म्हणून ती वाटभर गप्प बसली म्हणे. आई म्हणाली, "हे मात्र आपल्याकडच्यासारखंच."

बाहेरचा बगीचा आणि 'जर्मन फॉरेस्ट' नावाची रानवाट तिचीच कल्पना. पाय दुखत नसतील तर घराआधी तिकडे जा, दुपारनंतर गर्दी होते. आत जिन्यापाशी त्याच्या मित्रांच्या तसबिरी आहेत. तळघरातला भाग दुसऱ्या महायुद्धाचा: इथे बॉम्बफेकीचे नकाशे गुपचूप काढले जायचे. मुलं सोबत असतील तर तिथून लवकर हलणार नाहीत.

वाचनालयात आई बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "१ जानेवारी १८७७. दिल्लीत दरबार, आणि इकडे सोलापूर-नगरला दुष्काळ." त्या दरबारात पुण्याचे सार्वजनिक काका (गणेश वासुदेव जोशी) खादी नेसून गेले होते, तेही तिने ऐकवलं. दरबार भरवणारा व्हाइसरॉय लिटन याच घराच्या मालकाने नेमलेला. घरातल्या फलकांत दुष्काळाबद्दल आम्हाला तरी काही दिसलं नाही.

उतरताना चर्च चुकवू नका. १८८१च्या एप्रिलमध्ये डिझरायली गेला. राजा-राणीने प्रजाजनाच्या अंत्ययात्रेला जाण्याची पद्धत नव्हती, म्हणून व्हिक्टोरियाने प्रिमरोझची फुलं पाठवली आणि काही दिवसांनी स्वतः आली. चर्चमधलं स्मारक तिनेच उभारलेलं. तळघर-थडगं बाहेर, पूर्वेच्या भिंतीलगत. नवराबायकोसोबत तिथे इंग्लंडच्याच टॉर्की गावची एक श्रीमंत विधवाही आहे: मिसेस ब्रिजेस विल्यम्स. तिने त्याला मोठी संपत्ती ठेवली, आणि अट एकच, मला तुमच्याजवळ पुरा.

"मेरी ॲनला चाललं?" आईने विचारलं. दोघींची चांगली मैत्री होती, एवढं सांगितलं. आईला ते पटलं नाही. बसमध्येही तोच विषय होता.