एन्चँटमेंट्स: एका दिवसाची आखणी
अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एन्चँटमेंट्स या डोंगराळ भागातल्या सरोवरांपाशी उन्हाळ्यात मुक्काम करायचा, तर परवाना सोडतीतून मिळवावा लागतो. तो न मिळाल्यास सुमारे ३० किलोमीटरची वाट एका दिवसात चालणे हाच पर्याय उरतो, म्हणून आम्ही सिएटलहून मध्यरात्रीच निघणार आहोत. कोलचक सरोवरापासून आसगार्ड खिंडीपर्यंत जेमतेम दीड किलोमीटरात ६०० मीटरहून अधिक चढ आहे. पायाखाली सरकणाऱ्या सुट्या दगडांवरून दमलेल्या पायांनी उतरण्यापेक्षा तो चढ सकाळी ताज्या दमाने चढणे मला शहाणपणाचे वाटते. खिंडीपलीकडे पाणी मुबलक आहे, त्यामुळे जास्त पाणी न वाहता पाणी शुद्ध करायची गाळणी पुरेल. स्नो लेक्सनंतरचा लांबलचक उतार मात्र गुडघ्यांची परीक्षा पाहतो, तेव्हा काठ्या हव्यातच. दुसरी गाडी त्या उताराच्या पायथ्याशी आधीच लावून ठेवू. दुपारी बारापर्यंत खिंड गाठली नाही, तर मागे फिरायचे ठरले आहे.