आमची वाटचाल : पडवीतल्या पंगतीपासून सहा खोल्यांपर्यंत

आमच्याकडे पहिलं गिऱ्हाईक जेवलं ते चुकून. 1997 चा डिसेंबर, पुण्याचं एक कुटुंब, आजी-आजोबा, दोन पोरं, ड्रायव्हर, दर्शनाला आले होते आणि दीड वाजले तरी गावात जेवायला कुठे मिळेना म्हणून आमच्या बेड्यात, म्हणजे वाडीच्या फाटकात, उभं राहून आईला विचारलं, काकू, इथे खानावळ कुठे आहे हो. आई म्हणाली खानावळ नाहीये पण बसा की. घरात कुळथाचं पिठलं, भात आणि पोह्याचे पापड होते, तेच वाढलं. जाताना आजोबांनी पाटाखाली शंभराची नोट सरकवून ठेवली ती संध्याकाळी केर काढताना सापडली आणि बाबा जाम चिडले, दारात आलेल्या माणसाकडून जेवणाचे पैसे घेतले म्हणून, पण परत द्यायला पत्ता कुठे होता. आठ दिवसांनी त्याच आजोबांचं नाव सांगून अजून सात जण आले. झालं. धंदा सुरू झाला तो असा, प्लॅनिंग वगैरे काही नाही.

आता ही माणसं अचानक का यायला लागली ते सांगतो, कारण आमचा सगळा हिशोब तिथूनच सुरू होतो. आमचं गाव दिवेआगर, तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड. त्याच वर्षी नोव्हेंबरात, संकष्टीच्या दिवशी, गावातल्या एका बाईंच्या सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा, वजन सव्वा किलोच्या वर, सोबत दागिने. मी तेव्हा एकवीस वर्षांचा, माणगावला एका दुकानात हिशेब लिहायचो, बातमी कळल्यावर सायकल टाकून धावत एसटी पकडली होती. आठवड्याभरात गावात एवढ्या गाड्या आल्या की वळवायला जागा नव्हती. त्याआधी आमच्या बाजूचं नाव पेपरात आलेलं ते 1993 ला, शेजारच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर मुंबईच्या बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स उतरलं तेव्हा, म्हणजे पाहुण्यांना कौतुकाने सांगावं असं ते काही नव्हतंच.

गाव तसं फार जुनं. इथे मिळालेला शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा ताम्रपट मराठीतल्या अगदी जुन्या लेखांमध्ये मोजतात, आणि रूपनारायणाच्या देवळातली विष्णूची मूर्ती शिलाहारांच्या काळातली, तिच्या भोवती दशावतार कोरलेत. पण खरं सांगू का, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, हे मला एका पाहुण्यांनी सांगितलं. कॉलेजात इतिहास शिकवायचे, दोन दिवस राहिले, पूर्ण वेळ देवळात मूर्तीसमोर वही घेऊन बसलेले, समुद्रावर गेलेच नाहीत. मी विचारलं तर म्हणाले समुद्र काय मुंबईला पण आहे. तेव्हापासून प्रत्येक पाहुण्याला मी रूपनारायणाला पाठवतोच, जातात निम्मे.

1998 ते 2012 आमचं म्हणजे देवाचं गिऱ्हाईक. या गिऱ्हाइकाचं घड्याळ ठरलेलं, अकराला गाडी लागणार, दर्शन, साडेबाराला पानावर, तीनला परत निघणार कारण ताम्हिणी घाट अंधार पडायच्या आत पार करायचा असतो. म्हणून आम्ही पडवीत पंगत घालायचो, एका वेळी वीस पानं. सुरवातीला ताटाचे तीस रुपये होते आणि मोदक वेगळे नाही, ताटातलेच दोन. आई, काकू आणि नंतर लग्न होऊन आली ती आमची ही, तिघी पहाटे चारला उठून नारळ खवायला बसायच्या. संकष्टीला तीनशे-साडेतीनशे मोदक जायचे. उकडीचं गणित लोकांना वाटतं तेवढं सोपं नाही, पिठी नवीन तांदळाची असली की उकड चिकट होते, जुन्याची असली की पारी, म्हणजे मोदकाची वाटी, फाटते, आई दोन्ही मिसळायची आणि किती ते कधीच सांगितलं नाही, हाताने सांगायची. ही शिकली ते बघून बघून, तीन वर्षं लागली तिला.

राहायचं विचारायला लागले तेव्हा 2001 ला वाडीच्या कडेला दोन खोल्या बांधल्या, वर कौलं, बाहेर सामाईक संडास-बाथरूम, पाणी तापवायला बंब. पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेत नाव घातलं, बोर्ड मिळाला, बाबांनी तो बोर्ड बेड्याला न लावता पहिले सहा महिने माळ्यावर ठेवला होता. त्यांच्या डोक्यात आपण वाडीवाले, सुपारी-नारळ हा आपला धंदा, हे जेवणबिवण बायकांचं. रोठा सुपारी वाळवून सोलून सुपारी संघात घालायची आणि वर्षाचा खर्च काढायचा, हे त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी केलं. गंमत म्हणजे 2005 च्या आसपास पहिल्यांदा मोदकांचा पैसा सुपारीपेक्षा जास्त झाला, मी वहीत बघून त्यांना दाखवलं तर ते काही बोलले नाहीत, उठून पाटाचं पाणी बघायला गेले.

मार्च 2012. पाडवा नुकताच झालेला. रात्री मुखवटा होता त्या गणपतीच्या देवळावर दरोडा पडला, दोन रखवालदारांना मारलं आणि मुखवटा नेला. बाहेरचा माणूस हा विषय काढतो तेव्हा सोन्याचंच विचारतो, किती किलो होतं, मिळालं का, वितळवलं का. दोन माणसं गेली हो, हे आधी. गावात त्या दिवशी चूल पेटली नव्हती बहुतेक घरात.

धंद्याचं म्हणाल तर पुढच्या दोन महिन्यात म्हणजे ऐन मे महिन्याच्या सुट्टीत आमची पंगत वीस पानांवरून पाच-सहा पानांवर आली. काही लोक यायचे ते रिकामी जागा बघायला, म्हणजे मुखवटा होता ती जागा कुठली असं विचारायला, आणि न जेवता जायचे. मी तेव्हा पहिल्यांदा वहीत नीट बसून बघितलं की आपण चौदा वर्षं जे स्वतःचं नाव समजत होतो ते नाव मुखवट्याचं होतं, आपण त्याच्या सावलीत पानं मांडत होतो. जरा लागलं ते.

मग समुद्राचं गिऱ्हाईक. म्हणजे समुद्र काय नवीन आला नव्हता, चार किलोमीटरचा सपाट किनारा आणि सुरूचं बन तिथेच होतं, पण आम्ही कधी त्याच्याकडे धंदा म्हणून बघितलंच नव्हतं, लहानपणी तिकडे गेलो तर मार पडायचा. हे गिऱ्हाईक पूर्ण वेगळं. शुक्रवारी रात्री अकराला पोचणार, सकाळी दहाला उठणार, आंघोळ करून समुद्रावर जाणार आणि येऊन परत आंघोळ करणार, आणि पहिला प्रश्न एसी आहे का. संडास-बाथरूम खोलीला जोडून पाहिजे. मग 2013-14 मध्ये कर्ज काढून चार खोल्या वाढवल्या, जुन्या दोन दुरुस्त केल्या. मासे पण पाहिजेत लोकांना, आमच्या घरात चालत नाहीत, त्यासाठी पलीकडच्या आळीत एक ताई सुरमई आणि पापलेट फार झकास करतात त्यांच्याकडे पाठवतो, त्या मोदक मागणाऱ्याला आमच्याकडे पाठवतात, कमिशन नाही, दिवाळीला फराळाचा डबा जातो-येतो एवढंच. (एक विनंती करून घेतो, गाडी वाळूत घालू नका. भरतीला किती गाड्या दोर बांधून आम्ही काढल्यात याची मोजदाद नाही, आणि खारं पाणी लागलेली गाडी पुढच्या वर्षी काय होते ते तुमचा मेकॅनिक सांगेल.)

त्याच काळात एका मोठ्या बुकिंग अ‍ॅपवर नाव टाकलं. त्यांचा एक मुलगा आला होता, हुशार होता, म्हणाला काका ही मागची झाडं काढा, स्विमिंग पूल घाला, रेट दुप्पट. बाबा पडवीत झोपाळ्यावर होते, त्यांनी नुसतं विचारलं, समुद्र पाचशे पावलांवर असताना माणसं खड्ड्यात कशाला उतरतील रे. मी मात्र कबूल करतो, मी एका रात्री कागदावर हिशोब मांडला होता. झाडं साधारण साठ काढावी लागली असती. मांडून ठेवला, पुढे काही केलं नाही, हिने तो कागद चहाच्या डब्याखाली बरीच वर्षं ठेवला होता.

झाडं काढायचं काम शेवटी वाऱ्यानेच केलं. 3 जून 2020, निसर्ग वादळ. लॉकडाऊनमुळे तसंही मार्चपासून खोल्या बंद होत्या, म्हणजे पाहुणे नव्हते हे नशीबच. दुपारी वारा सुरू झाला, आधी कौलं, मग शेडचे पत्रे, मग पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं. पोफळ मोडते तेव्हा बंदुकीसारखा आवाज येतो, आम्ही सगळे देवघरात बसून आवाज मोजत होतो, नंतर मोजायचं सोडून दिलं. नारळ मुळासकट आडवे झाले. संध्याकाळी बाहेर आलो तर घरातून थेट समुद्र दिसत होता, जन्मात कधी दिसला नव्हता. पाचशेच्या आसपास पोफळी होत्या त्यातल्या सव्वाशे उभ्या. बाबांनी वाडीत पाऊल टाकलं नाही त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी पण नाही. महिनाभर लाईट नव्हती, मोबाईलची रेंज यायला पण दिवस गेले, विहिरीत झावळ्या पडून पाणी कुजलेलं.

भरपाईचं, सुरवातीला बागेला हेक्टरी 50 हजार जाहीर झालं. ऐकायला बरं वाटतं पण आमच्याकडे वाड्या गुंठ्यात असतात, गुंठ्याला पाचशे रुपये पडतात, तेवढ्यात पडलेली झाडं कापून बाहेर काढायची मजुरी पण सुटत नाही. ओरड झाल्यावर झाडामागे देण्याचं ठरलं, सुपारीला 50 आणि नारळाला 250 रुपये. नवीन पोफळ लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात, तेव्हा पन्नास रुपये म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

आणि एक कळलं जे आधी कळायला पाहिजे होतं. 2021 ला खोल्या परत चालू केल्या तर पहिल्याच उन्हाळ्यात प्रत्येक पाहुण्याची तक्रार, खोली तापते. तापणारच, वरची सावली गेली होती ना. एसी दिवसभर चालू, बिल तिप्पट. एकाने अ‍ॅपवर लिहिलं फोटोत जंगल दाखवलंय इथे मैदान आहे, फसवणूक. मला राग आला पण माणूस खोटं काही बोलला नव्हता. सगळे जुने फोटो काढले, पडलेल्या वाडीचेच टाकले, खाली लिहिलं वादळात गेली, परत लावतोय. बुकिंग थोडं कमी झालं पण जे आले ते भांडले नाहीत, दोघा-तिघांनी तर रोपं लावून दिली, वाकडी लावली, आम्ही नंतर सरळ केली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात, अंगारकीला, नवीन मुखवट्याची स्थापना झाली. देवाचं गिऱ्हाईक पुन्हा यायला लागलं, पूर्वीएवढं नाही पण संकष्टीला दोनशे मोदक जातात. आता ताट केवढ्याला ते फोनवर विचारा, नारळाचा भाव बघून बदलतो आम्ही.

बाबा 2023 ला गेले. जायच्या आधी काठी टेकत वाडीत जायला लागले होते, केळीच्या सावलीत लावलेली पोफळीची रोपं मोजायचे, रोज आकडा वेगळा यायचा. त्यातल्या पाच-सहा झाडांना आता पहिले घड आलेत, लहान आहेत. खोल्या सहाच ठेवल्यात. मुलगा पुण्यात कॉम्प्युटरचं शिकतोय, म्हणतो येईन, बघू.

तुम्ही येणार असाल तर मोदक किती पाहिजेत ते आदल्या रात्री नऊच्या आत सांगा. सकाळी सांगितलं तर मिळत नाहीत, ही ऐकत नाही.