तीन काठांवरचं ‘ने’

मराठीत ‘ने’ हे फार राबणारं अक्षर आहे. सुरीने चिर, बसने जा, त्याने सांगितलं... दिवसभर दुसऱ्याच्या शेपटाला लटकायचं. कधी सुटं झालंच, तर हुकूम होऊन: ‘डबा ने’, ‘छत्री ने’. तोही बहुधा पाठमोऱ्या माणसाला, त्यामुळे छत्री खुंटीवरच.

बल्गेरिया, ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्या सीमा एदिर्ने शहराजवळ मिळतात. (गावाच्या नावातही ‘ने’ आहेच!) तिथल्या नदीला बल्गेरियन लोक मारित्सा म्हणतात, ग्रीक एव्रोस आणि तुर्क मेरिच. नदी एक, नावं तीन. ‘ने’चं नेमकं उलटं. बल्गेरियनमध्ये ‘ने’ म्हणजे नाही, ग्रीकमध्ये हो, तुर्कीत काय. तिघांना आपापल्या भाषेत ‘कॉफी घेणार?’ विचारलं आणि तिघंही ‘ने’ म्हणाले, तर एकाला कॉफी द्यायची, एकाला नाही आणि तिसऱ्याला पुन्हा मोठ्याने विचारायचं.

मानेवरून ओळखू म्हणावं, तर तिथे आणखी घोळ. बल्गेरियन माणूस ‘हो’ म्हणताना मान आडवी हलवतो आणि ‘नाही’ला वर-खाली. ग्रीक आणि तुर्क नकार देताना डोकं मागे झटकतात, वर भुवया उडवतात. आपल्या मान डोलावण्याला हसणाऱ्यांनी एकदा तिकडे जाऊन यावं.

यातलं बल्गेरियन ‘ने’ आपल्या भावकीतलं. संस्कृतातला ‘न’, आपलं ‘नाही’ आणि ते, एकाच कुळातले. ग्रीक ‘ने’ची मौज वेगळी. उच्चार ‘ने’, पण जुन्या वळणाचं स्पेलिंग अक्षराला अक्षर लावून वाचलं तर ‘नाइ’! अस्सल कोकणी ‘नाय’ डोळ्यांसमोर, आणि अर्थ मात्र हो.

जपानी ‘ने’ वाक्याच्या शेवटी येतं आणि हुबेहूब आपल्या ‘ना’सारखं वागतं: ‘सामुई देसु ने’, थंडी आहे ना! नातं काही नाही, नुसता स्वभाव जुळला. कोरियनमध्ये पुन्हा ‘ने’ म्हणजे हो, तेही अदबीने. पण सुरुवातीचा ‘न’ कोरियन लोक नाकातून इतका कमी काढतात, की परक्या कानाला पुष्कळदा ‘दे’ ऐकू येतं. कोरियन मालिकांच्या नादी लागलेल्या मराठी घरांत हे रोज चालतं. पडद्यावरची सून सासूला वाकून म्हणते ‘ने’, आपल्याला ऐकू येतं ‘दे’, आणि दोघींच्याही हातात काहीच नसतं.