ड्युटीवर जे असतील ते

"त्या वेळी ड्युटीवर जे असतील ते करतील."

एवढंच बोलले डॉक्टर, तेही पुढच्या बाईची फाइल ओढून घेता घेता. बोलण्यात राग नव्हता, तुसडेपणा नव्हता. मीच विचारलं होतं, डिलिव्हरी मॅडमच करतील ना, आणि त्यांनी खरं ते सांगितलं. तरी धुळ्याहून अमळनेरला पोहोचेपर्यंत माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. आईने दोनदा पाण्याची बाटली पुढे केली. तिला वाटलं, उन्हाने. आखाजीनंतरचं ऊन आहेच तसं, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. मीही उन्हाचंच नाव सांगितलं आणि डोळे मिटून घेतले.

आता सगळे गच्चीवर झोपलेत. मला जिना चढू देत नाहीत, म्हणून मी आणि आई खाली. तिचा डोळा लागलाय. लाईट आत्ताच आली. लिहून काढलं नाही तर ते वाक्य रात्रभर डोक्यात फिरत राहील.

मला नक्की कशाचं वाईट वाटलं?

मॅडम आज नव्हत्या याचं? त्यांना सुट्टी असू शकते. त्यांनाही घर आहे, मुलं आहेत. माझ्या बाळंतपणासाठी त्यांनी धुळ्यात बसून राहावं असं मी कधी बोलले नव्हते, पण मनात धरून बसले होते. रात्री झोप येत नसली की मी ते सगळं डोळ्यांपुढे आणायची. पोटात दुखायला लागलंय, दादाने गाडी काढलीय, आई देवापुढे साखर ठेवून धावत येतेय, आणि दवाखान्याच्या दारात मॅडम उभ्या आहेत, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्याच्या पुढचं मला काही दिसत नाही. पण तिथवर पोहोचले की झोप लागते. आज त्या दारात कुणाला उभं करायचं तेच कळेना.

हिशोब मलाही येतो. आपल्याला तारीख देतात ती पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून, आणि नेमकं त्या दिवशी वीसातलं एखादंच मूल येतं. ३७ आठवडे भरले की कधीही, ४२ पर्यंत. एवढे दिवस रात्रंदिवस एकच बाई कशी जागेल? आणि पहिल्या खेपेला पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावरही पुढे बारा तास लागू शकतात म्हणे. तेवढ्यात दिवस उलटतो, माणसं बदलणारच. हे सगळं पटतं. पटूनही बरं वाटत नाही.

शिवाय यात्रा तोंडावर आहे. एकादशीला सखाराम महाराजांचा रथ, पौर्णिमेला पालखी. बोरीच्या पात्रात पाळणे लागले की इकडचा रस्ता तिकडे होत नाही. दादा म्हणतो, मी काढतो वाट, तू काळजी करू नको. ती काळजी मला नाहीच आहे.

खरं तर ते वाक्य नंतरचं. त्याच्या आधीच काहीतरी झालं होतं, आणि मी ते लिहायचं टाळतेय.

डॉक्टरांनी फाइल उघडली आणि म्हणाले, "पहिलीच वेळ ना?" मग पान उलटून थांबले. "नाही. मागे एकदा ॲबॉर्शन झालंय. किती आठवडे होते? पिशवी साफ केली होती का? तेव्हा इंजेक्शन दिलं होतं?" दार उघडंच होतं. बाहेर बाकावर बायका, त्यांच्या सासवा. मला उत्तरं येत होती. आठवडेच काय, दिवससुद्धा येतात. पण तोंड उघडेना. शेवटी आईच म्हणाली, "हो हो, दिलं होतं." आईला ते माहीत असायचं काही कारण नाही. ती तेव्हा तिथे नव्हतीच. तिला मी आठ दिवसांनी सांगितलं.

तो विषय आज नको.

मॅडमना मी हे एकदाच सांगितलं होतं, सातव्या महिन्यात इथे आले तेव्हा. त्यांनी दार लोटून घेतलं, ऐकलं, लिहिलं, आणि त्यानंतर तो प्रश्न परत विचारला नाही. फक्त दर वेळी बाळाचे ठोके ऐकवताना मशीनचा आवाज मोठा करतात आणि माझ्याकडे बघतात. मी काय सांगितलंय ते त्यांच्या लक्षात आहे, हे मला त्या वाढवलेल्या आवाजावरून कळतं. आज आवाज बारीक होता. डॉक्टरांनी स्वतः ऐकलं आणि आकडा लिहिला, १४४. चांगला आहे म्हणाले. डोकं खाली आहे म्हणाले. सगळं नीट तपासलं त्यांनी, माझं काही म्हणणं नाही.

पण उद्या कळा देताना तिसरंच कुणी आलं, आणि त्यानेही पान उलटून विचारलं, मागच्या वेळी काय झालं होतं? तेव्हा मी ते सांगायचं? त्या वेळी? मला हे एवढंच नको आहे. बाकी कुणीही चालेल. बाई असो, पुरुष असो, म्हातारे असोत की काल शिकून आलेले. मला परत पहिल्यापासून सांगायला लावू नका.

संध्याकाळी खाटांवर वाळत घातलेले बिबडे काढताना आईने आक्कांच्या कानावर घातलं. आक्का म्हणाल्या, "काब्र घाबरस वं माय, कोनी बी करो, पोर सुखरूप उनं म्हनजे जयं." आक्कांची सगळी बाळंतपणं घरातच, एका सुईणीच्या हातची. आक्का या घरात आल्या त्याच्या आधीपासून ती सुईण गल्लीत होती. नाळ कापायला तीच, पाचवी पुजायला तीच, आणि त्या पोराच्या लग्नात साडीचा मानही तिचाच. ऐकून मला हेवा वाटला. अंधारात कुणाचा हात आहे ते न बघता कळायचं. कुणी काही विचारायचं नाही, कारण मागच्या वेळी काय झालं ते तिनेच पाहिलेलं असायचं.

मग देवघराशेजारच्या फोटोकडे लक्ष गेलं. थोरली आजीही त्याच सुईणीच्या हातावर होती, आणि बोरीला पूर होता. आक्का ते सांगत नाहीत. बाबांनी एकदा सांगायला सुरुवात केली होती आणि उठून गेले.

ओळखीचा हात आणि सुखरूप सुटका, या दोन्ही गोष्टी मी एकच धरून चालले होते की काय?

वहिनीला विचारलं, तुझ्या वेळी डॉक्टर कोण होते गं? ती सरकारी दवाखान्यात होती. म्हणाली, बाई होती का बाप्या तेही नाही आठवत. गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "हात लावायच्या आधी कुणी सांगितलं नाही, ते आठवतं." मी पुढे काही विचारणार तोवर परात घेऊन आत गेली. बाळ आता तीन वर्षांचं झालंय. हे ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

दवाखान्यातून निघताना वजनकाट्याजवळच्या सिस्टरांनी माझा चेहरा पाहिला असावा. नंदुरबारकडच्या आहेत त्या, बोलायला मोकळ्या. म्हणाल्या, "ताई, डॉक्टर शेवटी शेवटी येतात. तोवर आम्हीच. आणि आमचीपण ड्युटी बदलते, सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ." मग ड्रॉवरमधून एक कोरा तक्ता काढून दाखवला, पार्टोग्राफ. कळा किती वेळाने येतात, बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाला, पिशवीचं तोंड किती उघडलं ते साधारण चार तासांनी, बाईचं बीपी, सगळं त्याच्यावर मांडतात. रेघ उजवीकडे सरकायला लागली, म्हणजे बाळंतपण रेंगाळायला लागलं, की डॉक्टरांना बोलावतात. "नवीन आलेला माणूस आधी हा कागद बघतो, मग पेशंट. त्याला सगळं कळतं." धीर द्यायला सांगितलं त्यांनी. माझ्या मनात मात्र एवढंच राहिलं, आधी कागद, मग मी. गाडीत डोळे मिटले ते त्यामुळे.

एवढं लिहून झालं आणि उठून पाणी प्यायले. फाइल परत काढली. त्यात मॅडमनी एका जुन्या चिठ्ठीच्या मागे काढून दिलेलं चित्र आहे. माझं रक्त ओ निगेटिव्ह, ह्यांचं पॉझिटिव्ह. बाळ पॉझिटिव्ह असलं आणि त्याचं रक्त थोडंसं जरी माझ्यात मिसळलं, तर माझं शरीर त्याच्याविरुद्ध लढायला शिकू शकतं. एकदा शिकलं की विसरत नाही. त्रास बहुतेक वेळा त्या बाळाला होत नाही, पुढच्याला होतो. म्हणून गर्भ पडला तरी ७२ तासांच्या आत ॲन्टी-डीचं इंजेक्शन देतात. म्हणून अठ्ठाविसाव्या आठवड्यात मॅडमनी परत दिलं. आणि आता बाळ झालं की त्याचं रक्त तपासायचं, पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांत पुन्हा एकदा. चित्राखाली मॅडमच्या अक्षरात लिहिलंय, जुने कागद बघणे.

ते कागद पुण्याला कपाटात आहेत. मी ते हाताळत नाही.

म्हणजे डॉक्टरांनी जे विचारलं ते या बाळासाठी विचारलं. त्यांना माझं मागचं उकरायचं नव्हतं. दार उघडं ठेवायला नको होतं, हे मी अजूनही म्हणेन, आणि जमलं तर त्यांना सांगेनही. पण प्रश्न बरोबर होता. मॅडम असत्या तरी कधीतरी त्यांनी कागद मागितलेच असते. आणि आई "हो हो" म्हणाली त्याच्यावर कुणी विसंबून राहिलं असतं तर? माझं रक्त तसं लढायला शिकलंय का ते बघणारी कूम्ब्स टेस्ट निगेटिव्ह आली आहे म्हणून ठीक. नाहीतर?

हे लक्षात आल्यावर मला जरा हलकं वाटलं. का ते सांगता येत नाही. बहुतेक यामुळे, की मॅडमच्या लक्षात राहण्यावर मी जो सगळा भार टाकला होता तो एका पानावर मावण्यासारखा आहे. माणूस बदलेल, पान बदलणार नाही. सिस्टर तेच सांगत होत्या, मला तेव्हा ऐकू आलं नाही.

म्हणून आत्ता एक पान लिहिलं, मोठ्या अक्षरात, फाइलच्या पहिल्याच पानावर लावायला. रक्तगट वर, लाल पेनने. मागच्या वेळचं एका ओळीत, आठवडे आणि इंजेक्शन. त्याच्या खाली, यापेक्षा जास्त काही हवं असेल तर कृपया दार लावून विचारा. त्याच्या खाली, तपासण्याआधी मला सांगा. हे वहिनीमुळे सुचलं. बाळाचे ठोके मला ऐकू येतील असे लावा, हेही लिहिलं. आधी खोडलं होतं, बालिश वाटलं, मग पुन्हा लिहिलं. आपलं नाव सांगा असंही लिहायचं होतं, पण कळांमध्ये मला नावं कुठली आठवणार. राहू दे.

आत माझ्याजवळ कुणी थांबेल का, हे पुढच्या वेळी विचारायचं. सरकारी दवाखान्यांसाठी २०१७ पासून 'लक्ष्य' कार्यक्रम आहे, त्यात बाळंतिणीजवळ तिचं माणूस असावं असं सांगितलंय. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये तेच म्हटलंय. आमचा दवाखाना खाजगी, त्यामुळे विचारूनच कळेल. आईला रक्त बघवत नाही. ह्यांना पुण्याहून यायला रात्र जाते, आणि सुट्टीचं तर... जाऊ दे. जेवताना वहिनीला म्हटलं, तू थांबशील का आत? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत "थांबेन" म्हणाली.

इंजेक्शनची तारीख माझी मला खात्रीने लिहिता येईना. तो दिवस आठवतो, नंतरचे दोन दिवस आठवत नाहीत. उशीर झाला होता तरी ह्यांना फोन लावला. म्हटलं, उद्या कपाटातून तो कागद काढून फोटो पाठवा. म्हणाले, आत्ता पाठवतो. फोन ठेवला आणि लगेच फोटो आला. कपाट उघडायला लागतो तेवढासुद्धा वेळ गेला नव्हता. फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये आधीपासूनच होता.

आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. आजही बोललो नाही. फोटोखाली त्यांनी विचारलं, जेवलीस का. मी हो म्हटलं.

तारीख लिहिली. सकाळी दादाला झेरॉक्सच्या दुकानात पाठवून फोटोची प्रिंट काढून आणायची आणि या पानाच्या दोन प्रती. एक फाइलला, एक बॅगेत, वरच्याच कप्प्यात. आणि वहिनीला तिसरी द्यावी का?