सरांचे दोन रकाने

स्मरणिकेसाठी लिहायचं ठरल्यावर आमच्या तुकडीतल्या बाकीच्यांनी गॅदरिंग आणि खो-खोचे सामने आधीच वाटून घेतले. माझ्याकडे इतिहासाचे सर आले, याचं मला बरंच वाटलं.

सर फळ्यावर दोन रकाने आखायचे. डावीकडे 'देश', उजवीकडे 'अण्णा'. अण्णा म्हणजे आपल्या मुरूडचे महर्षी कर्वे. जन्म १८ एप्रिल १८५८. त्याच महिन्यात झाशी पडलेली, पण राणी अजून लढत होती. टिळक त्यांच्याहून पावणेदोन वर्षांनी मोठे, गांधीजी अकरा वर्षांनी लहान. पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत बसलेली माणसं अशी एका फळ्यावर यायची.

आम्हा पोरांना आवडायची ती साताऱ्याची वाट. सहावीच्या परीक्षेसाठी मुरूडहून घाट चढून चालत गेलेला मुलगा, आणि तिथे साहेब म्हणतो, "तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस!" परीक्षेला बसूच दिलं नाही. आम्हाला दापोलीपर्यंत चालायचं जिवावर यायचं.

१८९३ ला सर थांबायचे. डावीकडे विवेकानंद शिकागोत, पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव. उजवीकडे अण्णांचा गोदूबाईंशी, एका विधवेशी विवाह, आणि त्यापायी मुरूडकरांचा बहिष्कार. भारतरत्न आमच्याकडचं, असं आज छाती फुगवून सांगणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) एवढी ओळ गाळू नये. पुढे १८९६ चा आश्रम, १९१६ चं महिला विद्यापीठ, हे सर भराभर लिहीत. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा अण्णा ८९ वर्षांचे, भारतरत्न मिळालं तेव्हा शंभरीचे. ९ नोव्हेंबर १९६२ ला गेले, तेव्हा चीनशी युद्ध चालू होतं. राणीपासून नेहरूंपर्यंत एकच माणूस.

मग सरांनी गृहपाठ दिला: घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचे असेच रकाने करा. माझ्या आजीला सालं ठाऊक नव्हती. बहिणीचं लग्न कधी झालं? "रामदास बोट बुडाली ना, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात." मी १९४७ समोर 'रामदास बोट' लिहून मोकळा झालो. वही परत आली, तेव्हा सरांनी ते खोडलं नव्हतं. पुढे '१७ जुलै' घातलं होतं आणि त्याखाली लाल शाईत '१५ ऑगस्ट'.

— एक माजी विद्यार्थी