पुसलेल्या पाट्या आणि आईचा खजूर

प्रवासात खाली पडलेलं बी दिसलं की खिशात घालायची माझी जुनी खोड. दोन वर्षांपूर्वी दीवच्या नागवा किनाऱ्यावरून होक्याची चार फळं आणली. ताडासारखी पंख्याची पानं, पण खोड फुटून दोन, त्यांची पुन्हा दोन-दोन, असं हे झाड. त्याच हिवाळ्यात आंबोलीहून भेरली माडाच्या, म्हणजे ताडाच्याच कुळातल्या एका रानझाडाच्या, बिया आणल्या. गर उघड्या हातांनी काढला आणि दिवसभर बोटं खाजवत बसलो. त्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात, हे नंतर कळलं. पुढच्या पावसाच्या तोंडाला ओढ्याकाठची शिंदी, म्हणजे रानखजूर.

होका पिशव्यांत लावला, बाकीचं कुंड्यांत. नावं आइस्क्रीमच्या काड्यांवर स्केचपेनने लिहिली होती. एका पावसाळ्यात सगळ्या काड्या कोऱ्या!

भेरली माड लगेच ओळखू आला. त्याचं पहिलंच पान दुभंगलेलं, टोकं उंदराने कुरतडल्यासारखी. बाकी सात कुंड्यांत मात्र गवतासारखं एकेक पातं. फोटो पाहून एकाने सुपारी सांगितली, एका काकांनी ठामपणे हळद.

शेवटी एका कुंडीतली माती बोटाने हलकेच सारली. बी अजून रोपाला चिकटलेलं होतं! एका बाजूने उभी खोल खाच, म्हणजे खजूर-शिंदीचंच घराणं. (मोठी पानं आल्यावर आणखी एक खूण मिळते: शिंदीच्या पात्या वरून पन्हळीसारख्या खोलगट असतात, नारळ-सुपारीच्या उलट्या, छपरासारख्या.) पण यातली शिंदी कुठली? आमची आई उपवासाचा खजूर खाऊन बिया दिसेल त्या कुंडीत खोचते. डब्यातल्या खजुराची एक बी काढून शेजारी ठेवली. ती लांबुडकी, टोकदार. माझी आखूड, गोलसर. सातही कुंड्या उकरल्या. पाच शिंदी, दोन आईच्या.

होक्याचं काहीच दिसेना. कित्येक महिन्यांनी पिशव्या फेकायला गेलो, तर पहिली उचलेचना. जोर लावला आणि कट्कन आवाज आला. वर पान यायच्या आधी याचा कोंब सरळ खाली जातो. तो पिशवी फाडून जमिनीत शिरला होता. तो गेला. उरलेल्या तीन पिशव्यांना हात लावला नाही, जागेवरच भोवती माती चढवली. आता एकीतून घड्या पडलेलं जाड पातं वर आलंय. पंखा दिसायला अजून वेळ आहे.

या वेळी नावं पत्र्यावर खिळ्याने कोरलीत. काल पाहतो तर शिंदीच्या एका कुंडीत खजुराची नवी बी खोचलेली.