ठोकायची गाडी: आधी चासी, मग बाकीचं

डिमॉलिशन डर्बी म्हणजे जुन्या गाड्या मैदानात एकमेकींवर ठोकायच्या, शेवटपर्यंत जी चालती राहील ती जिंकते. तिच्यासाठी गाडी बघायला गेलं की नवखी माणसं बॉनेट उघडतात. या कामातला माझा जोडीदार निवृत्त वेल्डर आहे, शेजारीच राहतो. तो बॉनेटकडे ढुंकूनही बघत नाही. हातोडी घेऊन सरळ गाडीखाली सरकतो आणि मागच्या एक्सलच्या वर चासीची जी कमान असते, तिथून ठोकत ठोकत पुढे येतो. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. थप् असा मेलेला आवाज आला की पुढची बोलणी बंद. आमच्या मिशिगनात, म्हणजे अमेरिकेच्या उत्तरेला, हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. ते खारट पाणी चासीच्या बंद पोकळीत साठतं आणि बाहेरून सगळं ठीक दिसत असताना आतून पत्रा खाऊन टाकतं. इंजिन काय, भंगारातून दुसरं आणता येतं. चासी गेली तर राहिलं काय?

यंदाची गाडी २००१ ची मर्क्युरी ग्रँड मार्क्विस. मर्क्युरी हा फोर्डचाच ब्रँड; फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया आणि ही, खालून एकच. लांबलचक, मागच्या चाकांवर चालणारी, आणि मुख्य म्हणजे चासी वेगळी, तिच्यावर बॉडी बोल्टांनी बसवलेली. २००३ पासून फोर्डने हिची चासी नव्याने केली, पुढे इंजिनखाली ॲल्युमिनियमचा क्रेडल, म्हणजे इंजिन पेलणारा सांगाडा दिला, स्टिअरिंगही रॅक-पिनियन, म्हणजे दातेरी दांड्याचं केलं. रस्त्यावर ते उत्तमच चालतं, पण डर्बीत ॲल्युमिनियम वाकत नाही, तडकतं. म्हणून आम्ही जुनीच शोधली. फार मजबूत गाडीही चालत नाही म्हणा. १९६४ ते १९६६ च्या क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीला कितीतरी ठिकाणी बंदी आहे, कारण तिच्यापुढे बाकीच्यांचा निभाव लागत नाही.

आता थोडं माझ्या पोटापाण्याबद्दल. मी दिवसभर संगणकावर गाड्या आपटते, म्हणजे क्रॅश सिम्युलेशन करते. त्यामुळे शनिवारी मी हा उद्योग करते हे ऑफिसात कळल्यावर सगळ्यांना आधी हसू येतं आणि मग एकजात सगळे सल्ला देतात की सगळीकडे जाड पट्ट्या मारून टाक. इथेच गोम आहे. सगळीकडे मजबुती देता येत नाही. एक तर नियमपुस्तक देऊ देत नाही, आणि दुसरं, ठोस बसली की लोखंड कुठे ना कुठे वाकणारच. पट्टी मारली की वाकणं थांबत नाही, ते पट्टीच्या कडेला सरकतं. तिथे जाड आणि पातळ एकदम भेटतात आणि नेमकी तिथेच चासी बिजागरीवर फिरल्यासारखी दुमडते. म्हणून जिथे पट्टीला परवानगी असते तिथेही आम्ही तिची टोकं निमुळती कापतो, सरळ चौकोनी कधीच ठेवत नाही.

डर्बीत बहुतेक जण मागे घेऊन ठोकतात, कारण पुढे रेडिएटर आहे आणि तो फुटला की खेळ आटोपला. म्हणजे सगळा मार मागच्या दोन रेल्सवर, चासीच्या दोन लांब तुळयांवर. या रेल्स एक्सलवरून कमानीत चढतात आणि मागे पुन्हा खाली उतरून बंपरला मिळतात. बंपरवर धक्का बसतो तो कमानीच्या माथ्यापेक्षा बराच खाली. त्यामुळे कमान अजून टोकदार व्हायला बघते आणि तिच्या मागची शेपूट जमिनीकडे वळते. शेपूट खाली गेली की बंपर मातीत रुततो, टायर पत्र्यात अडकतो, आणि धडधाकट इंजिन असलेली गाडी जागेवर उभी राहते. आपल्याला हवं याच्या उलट: शेपूट वर वळायला हवी, टायरपासून दूर. त्यासाठी कमानीच्या मागे, रेलच्या वरच्या अंगाला एक खाच मारायची. शेपूट वर वळताना वरची बाजू दाबली जाते. तीच आधीपासून कमजोर असेल तर धातू तिथूनच आत बसतो. दोन्ही बाजूंच्या खाचा एका रेषेत हव्यात. एका बाजूची दोन इंच पुढे आणि दुसरी मागे झाली तर गाडी वर न वळता तिरकी वळते. आम्ही मागच्या एक्सलपासून माप घेऊन खडूने रेघ मारतो आणि कापण्याआधी दोघं वेगवेगळं मोजतो. डिकीचं झाकणही मध्ये आधीच खाली दाबून ठेवतो, म्हणजे पत्र्यालाही कुठे जायचं ते ठाऊक असतं.

पुढच्या बाजूला आमच्या नियमांनुसार फायरवॉलपासून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीपासून) पुढे चासीची वरची शिवण वेल्ड करायला मुभा आहे. कंपनीतून येताना ती शिवण सलग नसते, मध्ये मध्ये वेल्ड असतो. जोरात मार बसला की मधली जागा तोंड उघडते. सलग केली की रेल एकसंध राहते. पण सलग करायची म्हणजे एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत मिग वेल्डिंग ओढायचं नाही. तापून रेल पिळवटते. तळहाताएवढा टाका इकडे, मग तेवढाच दुसऱ्या रेलवर, मग परत मध्ये जागा सोडून. त्याआधी डांबरी अंडरकोटिंग खरवडायचं आणि ग्रायंडरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायचं. या कामात दिवस जातो आणि त्याचे फोटो कुणी काढत नाही. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी अर्थातच पहिली ठिणगी पडायच्या आधीच बाहेर.

चासीला रंग मारायचा नाही, हाही नियम. रंगाखाली चोरटे वेल्ड लपवता येतात. चासीच्या पोटात पाइप सरकवणं, काँक्रीट ओतणं, असले उद्योग पूर्वापार चालत आलेत, म्हणून तपासनीस हातोडी मारून ऐकतात, शंका आली तर ड्रिलने भोक पाडून आत डोकावतात. मला हे भोकाचं फार आवडतं. वाद घालायला जागाच उरत नाही.

बॉडीच्या बोल्टांनी मात्र जीव काढला. बॉडी आणि चासीमध्ये रबरी गाद्या असतात, त्यांतून बोल्ट जातात. बॉडी चासीवर घट्ट बसली तर दोघी मिळून मार घेतात. सुटली तर चासी एकटी पडते आणि दुमडते. म्हणून जुने बोल्ट काढून जाड घालायचे, वर रुंद पट्टीचे वॉशर. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात बोल्ट गंजून नटाशी एकजीव झालेला, नट बॉडीच्या पिंजऱ्यात कैद, आणि इम्पॅक्ट गन लावली की पिंजरा तुटून नट आतल्या आत गरगर फिरतो. मग वरून गालिचा फाडायचा, फ्लोअर कापून खिडकी करायची, पाना घालून नट धरायचा. काही ठिकाणी टॉर्चने लाल करून सोडवले, बाकीचे सरळ कापले.

सस्पेन्शनकडे वळू. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. व्हिडिओ कॉलवर गाडीखालचा भाग दाखवला तर पहिला प्रश्न, “अगं, पाटे कुठायत?” पाटे म्हणजे ट्रक-बसला असतात त्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा.

“पाटे नाहीत बाबा, मागे कॉइल स्प्रिंग आहेत.”

“मग एक्सल उसळला की स्प्रिंग बाहेर पडेल की!”

बरोबर. मागे एक्सल सलग आहे, तो आर्म्सनी धरलेला, स्प्रिंग मात्र नुसती मध्ये बसलेली. मागून मार बसून गाडी उचलली गेली की स्प्रिंग जागा सोडते. म्हणून एक्सलला आणि चासीला मिळून साखळी. किती सैल ठेवायची हेच कसब आहे: स्प्रिंग निसटू नये इतकी आवळ, पण चाक थोडं खालीवर व्हायला जागा हवी. पार आवळली तर एक्सल चासीचाच भाग होतो आणि खड्ड्यात एक चाक हवेत लटकतं. बाबांचं म्हणणं होतं पाटेच बसव, कायमचा प्रश्न मिटेल. काही ठिकाणी ते चालतंही. आमच्याकडे नाही.

पुढे वरचा ए-आर्म, म्हणजे चाक धरणारा सस्पेन्शनचा हात, दोन लोखंडी पट्ट्यांनी चासीला वेल्ड करतात, म्हणजे गाडीचं नाक ठरलेल्या उंचीवर थांबतं. बंपर फार खाली असेल तर समोरचा आपल्यावर चढतो, फार वर असेल तर आपल्या खाली शिरतो आणि थेट चासी-स्टिअरिंगला मारतो. उंची ठरवायची आधी, आणि चाकांची सरळ जुळवणी नंतर. क्रम उलटा केला तर काम दुप्पट, कारण उंची बदलली की टायरॉडचा, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकाला वळवणाऱ्या दांड्याचा, कोन बदलतो आणि चाकं आत किंवा बाहेर तोंड करतात. यासाठी आम्हाला मशीन लागत नाही. टायरच्या मधोमध खडूची खूण, पुढून टेप, मागून टेप, फरक जाईपर्यंत टायरॉड फिरवायचा.

माझ्या मते सगळ्या गाडीत सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे हा टायरॉड. लोक बंपरवर आठवडे घालवतात आणि टायरॉडची मूळची चिरलेली पातळ स्लीव्ह तशीच ठेवतात. चाकाला आडवा धक्का बसला की पहिली तीच वाकते, मग एक चाक डावीकडे बघतं आणि दुसरं उजवीकडे. आम्ही स्लीव्हच्या जागी जाड भिंतीचा, आटे पाडलेला पाइप घातला. स्टिअरिंगच्या जोडणीतले बाकीचे दोन हात: पिटमन आर्म मूळचाच. आयडलर आर्ममध्ये ढिलेपणा होता, तो नवा टाकला.

ऑगस्टमध्ये काउंटी फेअरला, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या जत्रेत, गाडी उतरली. पाणी मारून चिखल केलेलं मैदान, चालवायला वेल्डरचा मुलगा. शेपूट वर वळली, डावी थोडी जास्त. टायर शेवटपर्यंत मोकळे. शेवटी पुढचा उजवा खालचा बॉल जॉइंट (चाक आणि आर्ममधला गोळ्याचा सांधा) निसटून चाक आडवं पडलं आणि ठरलेल्या वेळात पुढची ठोस देता न आल्यामुळे आम्ही बाद. टायरॉड सरळच्या सरळ निघाला; काढून ठेवलाय.

एकदा डर्बीत उतरलेल्या गाडीला आमच्याकडे दुरुस्तीच्या चार पट्ट्या मारता येतात, चार बाय चार इंच, पाव इंच जाड. त्यावरून सध्या आमची जुंपली आहे. वेल्डरला चारही कमानीवर हव्यात. मला दोन तिथे आणि दोन पुढच्या क्रॉसमेंबरच्या (दोन रेल्सना जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या) मागे, कारण तिथे मूळच्या रंगाचे पापुद्रे उडालेत आणि खाली बारीक सुरकुती दिसते. त्याचं म्हणणं, ती सुरकुती जुनीच आहे. मी डर्बीच्या आधीचे फोटो शोधतेय.